कच्ची वही

पोस्टमन दारात उभा,
विचारतो, सुभाष उखर्डू कोळी कोण?
मी मागे वळून पाहिलं.
या नावाने मला नऊ वर्षांत
बँकेशिवाय कुणी हाक मारलेली नव्हती.

मिलमध्ये मी सुपडू.
आईची आधीची दोन गेली
म्हणून मला सुपात घालून उंबऱ्यापर्यंत ओढलं,
तेच नाव पडलं.
डाळीच्या मिलला लागलो तेव्हा शेठ हसले होते,
सूप घरूनच घेऊन आला म्हणे.

जळगावची एमआयडीसी, पत्र्याचं छप्पर, मे महिना.
तुरीचा भुसा घामाला चिकटतो
आणि प्रत्येक जण हळद लागल्यासारखा दिसतो.
शनिवारी पाकीट. पाकिटावर नाव नाही.
वह्या दोन. पक्की सीएकडे जायची,
तिच्यात सहा माणसं.
कच्ची माझ्याकडे, लाल कापडाच्या पाठीची,
तिच्यात एकतीस.
एकतिसावा मी, माझ्याच अक्षरात.

मंगळवारी शेठचा भाचा म्हणाला, उद्यापासून नको येऊ.
मी डबा उचलला.
डब्याच्या पिशवीत वही होती.
रोजच असायची, बेरजा मी घरी करायचो.
वकिलांना मी हे असंच सांगितलं.
त्यांनी लिहून घेतलं नाही.

नोटिशीचं कलम तीन:
आपण आमचे अशिलाकडे कधीही,
कोणत्याही स्वरूपात नोकरीस नव्हता.
कलम पाच:
नोकरीत असताना आपल्या ताब्यात आलेली वही
सात दिवसांत परत करावी,
कसूर केल्यास फौजदारी.
तीन आणि पाचच्या मध्ये
मी कुठेतरी असेन म्हणून चार वाचलं.
त्यात नोटिशीचा खर्च, अडीच हजार,
माझ्याकडून.

बेंडाळे वकील आधी पोट धरून हसले.
जी वही नाहीच, तिची चोरी कशी लिहितील हो?
मग चष्मा पुसत विचारलं, अक्षर कुणाचं?
माझं.
हसणं थांबलं.
म्हणजे खोटा हिशेब लिहिणारा हातही तुमचा.
साक्षीदार का आरोपी, ते ठरायचंय अजून.
आणि सुपडू म्हणजेच सुभाष,
हे कोर्टात कोण सांगेल?
आई.
आहे?
नाही.
पंख्याखाली फायली फडफडत होत्या.
निघताना म्हणाले, तिच्यात आता एक टिंबही वाढवू नका.
आणि ती तुमच्याकडे आहे, हे मला माहीत नाही.

बायको भाकरी थापता थापता बोलते,
नऊ वरीस सगळास्नं लिखं,
मंग सोतानं नाव पुरं का नही लिखं?
माझ्याकडे उत्तर आहे, पण ते हसण्यासारखं आहे.
ओळीत जागा नव्हती.

वही कळण्याच्या पिठाच्या डब्यात ठेवली आहे.
रात्री मेहरूणच्या रस्त्यावर जीप थांबली की मी उठून बसतो.
जीप लग्नाची असते.
बँडवाले उतरतात, बिड्या पेटवतात,
एक जण उगाच ट्रम्पेट फुंकून बघतो.
मी आडवा होतो आणि सात दिवसांतून
आजचा वजा करतो.

चौथ्या दिवशी हुसेना तडवी आली,
तांबापुऱ्यातून पायी, भर दुपारी.
निवडणीला होती. तिलाही नको म्हणाले.
बावीस दिवस अडकलेत.
बसलीसुद्धा नाही. सुपडूभाऊ, माझं लिहिलंय ना?

मी डबा उघडला, वहीवरचं पीठ झटकलं.
तिला वाचता येत नाही, तरी पान तिच्यासमोर धरलं.
हुसेना त. बावीस. गुणिले दोनशे ऐंशी.
त म्हणजे?
तडवी.
हां, म्हणाली. पुन्हा वाच.
मी पुन्हा वाचलं.
ती बोटांच्या पेरांवर मोजत होती,
ओठ हलत होते, कुठे चुकते म्हणून परत पहिल्यापासून.

वाकून बघताना तिच्या कपाळावरचा घाम
पानावर पडला.
मी बाहीने टिपला,
पण जेल पेनची शाई,
बावीसच्या शेजारी एक निळं टिंब पसरलं.

हुसेना म्हणाली, पाणी दे.
मी वही उघडीच ठेवून माठाकडे गेलो.